सव्वा डॉलरचं विमान

पत्र

ताई, नमस्कार.

आमच्या मराठी मंडळाच्या त्रैमासिकात मी दोन वर्षांपासून 'सव्वा डॉलरची जत्रा' हे सदर लिहिते. जवळपास सगळं एकाच स्वस्त किमतीला विकणाऱ्या डॉलर स्टोअरमधून एक खेळणं आणायचं, चार वर्षांच्या लेकीसोबत ते उघडायचं आणि त्याचं गमतीदार परीक्षण लिहायचं, एवढंच. अंक आला की लोक आधी शेवटचं पान उघडतात, असं संपादक सांगतात. मला त्याचा फार आनंद होतो.

या संक्रांतीला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले होते. वाण देता देता ती हळूच म्हणाली, "तुझं वाचून खूप हसले गं. मग लेकाच्या वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टच्या पिशव्या भरायला बसले आणि रडूच आलं. सगळं तिथलंच होतं." मला काय बोलावं सुचेना. तिच्या नवऱ्याची नोकरी गेल्या ऑगस्टमध्ये गेली, हे मला ठाऊक होतं. त्या हळदीकुंकवापासून मी एक ओळही लिहिलेली नाही, आणि पुढच्या अंकाची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे.

सदर बंद करू का? की सौम्य लिहू? सौम्य लिहिलं तर त्यात हसण्यासारखं काही उरेल का? शिवाय आमच्याकडे आणखी एक धसका आहे. नवरा म्हणतो, एक दिवस एखादी कंपनी वकिलाची नोटीस पाठवेल. सोबत तीन जुनी परीक्षणं पाठवते आहे: विमान, डॉक्टर सेट आणि परीची कांडी.

(जाता जाता एक गंमत. त्या डॉक्टर सेटमधला स्टेथोस्कोप लावून लेक मला म्हणाली, "आई, तुझं हृदय झोपलंय." मग चौदा महिन्यांच्या धाकट्याला तपासलं आणि म्हणाली, "याचं पण.")

— सव्वा डॉलरवाली आई, न्यू जर्सी

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

आधी कांडीचं बोलू. तुमच्या मैत्रिणीकडे मी येतेच.

परीच्या कांडीच्या परीक्षणात तुम्ही लिहिलंय: "पहिल्याच आपटीत झाकण निघालं, तीन सेल सोफ्याखाली पळाले, दोन सापडले आणि तिसरा जादूने गायब झाला." हे वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी तुम्हाला निरोप पाठवला की आत्ताच्या आत्ता सोफा हलवा. दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. सेल सोफ्याखाली नव्हताच. तो धाकट्याच्या ठोकळ्यांच्या टोपलीत, अगदी तळाशी सापडला. तिथे तो किती दिवस होता हे तुम्हालाही सांगता येईना. हे इथे लिहू दिलंत त्याबद्दल तुमचे आभार, कारण अशी लुकलुकणारी कांडी, अंगठी नाहीतर भोवरा हे सदर वाचणाऱ्या पुष्कळ घरांत असणार.

बटणाएवढा सेल मुलाच्या अन्ननलिकेत अडकला की आतल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते. सेलच्या ऋण टोकापाशी दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतली त्वचा खोलवर भाजू शकते. त्यासाठी सेल फुटायला किंवा गळायला लागत नाही, आणि खेळणं चालेनासं झालं म्हणून काढून ठेवलेला सेलही हे करू शकतो. २० मिलिमीटर व्यासाचे लिथियम सेल सगळ्यांत घातक. कांडीतले सेल त्याहून लहान असतात, पण नाकात, कानात किंवा घशात गेले तर तेही इजा करतात. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, 'उद्या शीतून पडेल' म्हणत थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा.

अमेरिकेत खेळण्यांसाठीचं एएसटीएम एफ९६३ हे मानक २००८ च्या कायद्याने सक्तीचं झालं. त्यानुसार अशा सेलचं झाकण मुलाला नुसत्या हाताने उघडता येता कामा नये. त्यामुळे एकदा पडल्यावर उघडणारी कांडी हे स्वस्त खेळण्याचं नेहमीचं लक्षण म्हणून सोडून देण्यासारखं नाही, तो दोष आहे. कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशन या सरकारी संस्थेच्या 'सेफर प्रॉडक्ट्स डॉट गव्ह' या संकेतस्थळावर त्याची तक्रार कोणालाही करता येते. २०११ पासून ही सोय आहे. त्याच २००८ च्या कायद्यामुळे मुलांच्या वस्तूंवर आणि वेष्टनावर कोणी, कुठे, कधी बनवलं हे कळेल अशी खूण असावी लागते. बारीक अक्षरं असतात, बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या मागच्या कोपऱ्यात. म्हणून यापुढे पुठ्ठा फेकायच्या आधी त्याचा फोटो काढून ठेवत जा.

'३ वर्षांखालील मुलांसाठी नाही' ही सूचनाही तुम्ही एका परीक्षणात गमतीने उडवून लावली आहे. तुमच्या घरात तीच ओळ सर्वांत महत्त्वाची. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात सुटे बारीक भाग असायला बंदी आहे. तीनच्या वरच्यांच्या खेळण्यात ते चालतात, फक्त इशारा छापावा लागतो. म्हणजे लेकीसाठी कायदेशीर असलेलं खेळणं धाकट्यासाठी नाही, आणि जमीन तर दोघांची एकच! सरकारी चाचणीत सव्वा इंच व्यासाची नळी वापरतात. त्यात जो तुकडा पूर्ण मावतो तो 'बारीक भाग' धरला जातो. घरी टॉयलेट पेपरची रिकामी गुंडाळी घ्या. ती त्या नळीपेक्षा थोडी रुंद असते, त्यामुळे चूक झालीच तर सावधगिरीच्या बाजूने होईल. तुमच्या सदरात अशा वस्तूसाठी वेगळी चौकट ठेवा आणि त्यात साध्या शब्दांत काय झालं ते सांगा. तेवढ्या चौकटीत हसवायचं नाही.

आता तुमची मैत्रीण.

तुम्ही विचारता, सौम्य लिहू का? मी म्हणेन, सौम्य लिहू नका, नेमकं लिहा. तुमची तिन्ही परीक्षणं मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. जिथे तुमचं बोट खेळण्यावर आहे तिथे मी हसले. जिथे ते बोट खेळणं घेणाऱ्याकडे वळलं तिथे खूण केली. अशा खुणा चार झाल्या. सगळ्यांत टोचणारी डॉक्टर सेटमध्ये आहे: "हा सेट घेणाऱ्या आईबापांना मुलापेक्षा सव्वा डॉलर प्यारा असावा." हे तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर कोणीच नसणार, याची मला खात्री आहे. पण वाचताना तुमच्या मैत्रिणीसमोर तिच्या पिशव्या होत्या.

ही दुकानं कोण भरतं ते मी जवळून पाहिलंय. मी अकरा वर्षं एका पाळणाघरात शिकवत होते. वर्गात बक्षिसांचा एक डबा असायचा आणि तो आम्ही शिक्षिका आपल्या पगारातून भरायचो. शुक्रवारी संध्याकाळी डॉलर स्टोअरच्या रांगेत माझ्या पुढेमागे हमखास आणखी दोन शिक्षिका असायच्या, हातात तेच पेन्सिल खोडरबरांचे गठ्ठे. मुलांकडे पाच-सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा असायचे. ते प्रत्येक डॉलरचे मनातल्या मनात रुपये करतात आणि तरी नातवासाठी एक गाडी उचलतात. एकाच पगारावर संसार थाटणारी नवी जोडपी असायची. आणि एक आई मला अजून आठवते. तिने मुलाला सांगितलं होतं, "एकच घ्यायचं, पण तू निवडायचं." तो मुलगा खेळण्यांच्या ओळीत पंचवीस मिनिटं उभा होता. एकेक पुठ्ठा उचलून, उलटा करून, परत खुंटीला अडकवत होता. दागिन्यांच्या पेढीवर कोणी इतकं निरखून बघत नाही. शेवटी त्याने चिकट हात घेतला.

तो चिकट हात तुम्हाला माहीत असेलच. रबरासारख्या लवचिक पदार्थाचा छोटा पंजा, मागे लांब शेपटी, फेकला की भिंतीला चिकटतो. त्याच सुमारास माझ्या वर्गातल्या एका मुलालाही डब्यातून तसाच हात मिळाला होता. दहा मिनिटांत त्यावर गालिच्याचे धागे, केस आणि बिस्किटाचा चुरा बसला आणि तो चिकटेनासा झाला. मुलगा रडवेला. मी तो हात साबण लावून कोमट पाण्याखाली धुतला, हवेत धरून वाळवला, आणि हात पुन्हा नव्यासारखा! त्या खेळण्याचं अर्धं आयुष्य त्या धुण्यात आहे, आणि पाकिटावर ते कुठेही लिहिलेलं नसतं. पुढे तो मुलगा मधल्या सुट्टीत सगळ्यांचे हात धुऊन द्यायचा. बेसिनपाशी रांग लागायची. तुमच्या सदरात चिकट हाताला एक तारा मिळालाय, 'एका दुपारीत मेला' असं कारण देऊन. मैत्रिणी, तो मेला नव्हता हो, मळला होता.

मी जे सांगू बघते आहे त्याचं हे उदाहरण. स्वस्त खेळण्यावर खरा विनोद सुचायचा तर त्या खेळण्याशी आपण शेवटपर्यंत खेळलेलं असलं पाहिजे. लवकर हात झटकले की मग लिहायला उरतं ते फक्त 'काय भिकार माल आहे', आणि तिथून घेणाऱ्याला टोमणा मारायला एकच पाऊल लागतं.

डॉक्टर सेट घ्या. तुमचं सगळ्यांत विनोदी वाक्य तुम्ही परीक्षणात लिहिलंच नाही, मला पत्रात कंसात टाकून पाठवलंत! "आई, तुझं हृदय झोपलंय." आता परीक्षणातला तो टोचरा परिच्छेद काढून असं लिहून बघा:

"स्टेथोस्कोपची नळी आतून भरीव आहे, त्यामुळे काही ऐकू येणं शक्य नाही. लेकीने तो कानाला लावला, माझ्या छातीवर ठेवला, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि निदान केलं: आई, तुझं हृदय झोपलंय. मग भावाला तपासलं. त्याचंही झोपलेलं निघालं. दोघांना टोचण्या दिल्या. सिरिंजचा दट्ट्या बाहेर येतो पण परत आत जात नाही, म्हणून प्रत्येक रुग्णाला एकच टोचणी."

यात खेळण्याचे दोन्ही दोष आले, एकही सोडलेला नाही. मला तर हे आधीच्यापेक्षा जास्त हसवतं. आणि तुमची मैत्रीण हे वाचेल तेव्हा तिला स्वतःच्या घरातलं पोर दिसेल.

विमानाचं परीक्षण मला फार आवडलं, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. फोमचं, दोन तुकड्यांचं, पंख खाचेत सरकवायचं विमान. तुम्ही लिहिता, "उड्डाण : नाक वर, क्षणभर विचार, मग शेपटीवर कोसळणं. सात वेळा." हे 'क्षणभर विचार' इतकं बरोबर पाहिलंय तुम्ही! विमान वर नाक करून थबकतं आणि पडतं, कारण त्याचं वजन मागे पडलंय. नाक वर गेलं की वेग मरतो, पंखांना उचलणारी हवा सुटते आणि ते खाली येतं. म्हणून बहुतेक फोमच्या विमानांबरोबर नाकावर बसवायला छोटी चिमटी किंवा वजन देतात. पाकीट उघडताना नेमकं तेच गालिच्यात हरवतं, नाहीतर मुळातच हलकं असतं. तुमचं विमान अजून टाकलं नसेल तर नाकावर एक पेपर क्लिप लावा. खाली गोता मारायला लागलं तर क्लिप थोडी मागे सरकवा. आणि जोराने फेकू नका, खांद्याच्या उंचीवरून नुसतं पुढे ढकलून सोडा. माझ्या अंदाजाने तुमच्या दिवाणखान्याची लांबी त्याला पुरणार नाही. मग परीक्षणात सात कोसळणी तशीच ठेवा आणि आठवं उड्डाण लिहा. सात वेळा हसलेला वाचक आठव्याला टाळी देईल.

तसंच तुमच्या एका जुन्या अंकातलं कॅप्सूलमधल्या प्राण्यांचं. 'पाण्यात टाका, प्राणी जन्मेल' असं लिहिलेलं, आणि तुम्ही लिहिलंत की तासाभराने फक्त चिकट गोळी राहिली. ते कवच जिलेटिनचं असतं आणि गार पाण्यात ते नुसतं मऊ पडतं. कोमट पाणी घेतलंत तर काही मिनिटांत विरघळतं आणि आत दाबून बसवलेला स्पंज उलगडतो, आधी एक पाय, मग मान. पाकिटाच्या मागे 'कोमट पाणी' लिहिलेलं असतं. थट्टा करायच्या आधी मागची बाजू वाचायची आणि सांगितलंय तसं करून बघायचं, एवढं खेळण्याचं देणं लागतो आपण. त्यानंतरही नाही उलगडला तर मग खुशाल हसा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, रागावू नका. पाकिटांवरच्या मोडक्या इंग्रजीवर तुम्ही प्रत्येक परीक्षणात एक परिच्छेद खर्च करता. ते सोडाल का? यातली बरीच खेळणी चीनमध्ये बनतात. ग्वांगडोंग प्रांतातला शांतौ शहराचा छंगहाय भाग तर खेळण्यांच्या कारखान्यांसाठीच ओळखला जातो. तिथल्या कोणा कारकुनाने परक्या भाषेत चार ओळी जुळवल्या आणि त्या चुकल्या. या देशात आल्यावर आपल्या इंग्रजीवर कोण कोण हसलं ते आपल्यापैकी कोणी विसरलेलं नाही. बाहुलीचा डोळा गालावर छापला गेलाय, यावर मात्र लिहा, कारण तो खेळण्याचा भाग आहे. आणि तो तसा का होतो तेही वाचकांना सांगा. शाई लावलेली सिलिकॉनची मऊ गादी बाहुलीच्या चेहऱ्यावर टेकवून डोळे उमटवतात. बाहुली साच्यात केसभर तिरकी बसली की डोळा सरकतो. ती दर वेळी कोणीतरी हाताने बसवलेली असते. कडेला जी पातळ झालर राहते, ती साच्याच्या दोन भागांमधून निसटलेलं प्लास्टिक. नखाने काढून टाका, बोटाला लागते. वाचकांना असलं कळलं की ते पुढच्या वेळी स्वतः पुठ्ठा उलटा करून बघतात.

तुमच्या सदराच्या नावातला 'सव्वा' मला फार गोड वाटतो. सव्वा रुपयाची दक्षिणा आपल्या हाताला सवयीची, आणि इथे तो आकडा अचानक दुकानाच्या पाटीवर उगवला. १९८६ मध्ये व्हर्जिनियात 'ओन्ली वन डॉलर' या नावाने सुरू झालेली, १९९३ पासून 'डॉलर ट्री' म्हणून ओळखली जाणारी साखळी पस्तीस वर्षं एक डॉलरवर थांबली होती. २०२१ च्या अखेरीस तिने सव्वा डॉलर केला, आणि आता तिथे त्याहून महाग वस्तूही असतात. हे सगळं याच देशातल्या जुन्या कल्पनेचं लांबलेलं शेपूट आहे. वूलवर्थ नावाच्या दुकानदाराने १८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला पाच सेंटचं दुकान चालवून दाखवलं होतं. क्रॅकर जॅक या गोड खाऊच्या खोक्यात १९१२ पासून एकेक बारीक खेळणं निघायचं. आपल्याकडे जत्रेतली पिपाणी होती, घर येईपर्यंत बसायची. हे सगळ्यांना ठाऊक असायचं, तरी दर वर्षी घेतलीच जायची, कारण गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली! सव्वा डॉलरमध्ये पुठ्ठा, शाई, जहाज, ट्रक, दुकानाचं भाडं आणि गल्ल्यावरच्या मुलीचा पगार हे सगळं बसवायचं असतं. खेळण्याच्या वाट्याला उरलेलं येतं. परीक्षण लिहिताना त्या उरलेल्यात काय जमलंय ते शोधा. मागे खेचून सोडायच्या गाडीत आत स्प्रिंग आणि दातेरी चाकं असतात, जास्त खेचली तर स्प्रिंग तुटू नये म्हणून ती 'टक टक' करत घसरतात. एवढ्या पैशात एवढं! मी तरी अशा गाडीला टोपी काढते.

तारे देताना तेवढं एक बदला. आत्ता तुम्ही 'दर्जा'ला तारे देता, आणि त्यात ही खेळणी हरणारच. मी पाळणाघरात खेळ मिनिटांत मोजायची. कोणतं खेळणं किती वेळ हातात राहिलं, दुसऱ्या दिवशी कोणी मागितलं का, आणि मोडल्यावर त्याचं काय झालं. मोडलेल्या खेळण्याचं पुढे काय होतं, हा माझ्या मते तुमच्या सदराचा सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. वर्गातल्या हेलिकॉप्टरचा पंखा तुटला तेव्हा त्याची मुलांनी पाणबुडी केली, आणि पाणबुडी म्हणून ते तीन महिने चाललं.

नवऱ्याच्या धसक्याचं थोडक्यात. प्रामाणिक मत लिहिण्यावर ग्राहकाकडून करारात बंदी घालून घेता येत नाही, यासाठी २०१६ मध्ये इथे कायदाही झालाय. पण मत वेगळं आणि तथ्य वेगळं. 'मला रंगाचा वास आवडला नाही' लिहा. 'यात शिसं आहे' असं प्रयोगशाळेच्या तपासणीशिवाय कधीही लिहू नका, घरगुती चाचणीच्या काडीवर विसंबूनसुद्धा नाही. मुलांच्या वस्तूंतल्या रंगात दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. शंका असेल तर वस्तू मुलांपासून बाजूला ठेवा आणि कमिशनकडे कळवा. एवढी काळजी घेतलीत तर नवऱ्याला निवांत झोपू द्या.

राहिली मैत्रीण. अंकात जाहीर माफी छापू नका. तुमच्या वाचकांना ती कोण ते दुसऱ्या दिवशी कळेल, आणि तिच्या घरची नोकरीची गोष्ट पानावर येईल. फोनवरही नको, संदेशाने तर अजिबात नको. तिच्याकडे जा. तिने तुम्हाला एका वाक्यात जे सांगितलं ते सांगायला तिला किती बळ लागलं असेल! हसले हेही तिने आधी सांगितलं, ते विसरू नका. तिला म्हणा, "माझं ते वाक्य चुकलं. घेणाऱ्यावर लिहिलं मी, खेळण्यावर लिहायला हवं होतं. पुढच्या अंकात ते करणार नाही." एवढंच. नोकरीचा विषय तुम्ही काढू नका. 'अगं तुझ्याबद्दल नव्हतं ते' असं तर मुळीच म्हणू नका, कारण ते तिच्याबद्दलच होतं, तुम्हाला माहीत नव्हतं इतकंच. ती गप्प राहिली तर तुम्हीही चहा होईपर्यंत गप्प बसा.

मग तिला विचारा की पुढचं परीक्षण आपण दोघींनी मिळून केलं तर? तिचा लेक आणि तुमची लेक यांना दुकानात न्या आणि निवड त्यांना करू द्या, दोघांनी मिळून एकच खेळणं, कितीही वेळ लागो. घड्याळ बघू नका. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका, लेकीला घेऊन एकट्याच जा. ती हो म्हणाली आणि मुलांचं कशावरच एकमत होईना, तर पॅराशूटवाला सैनिक सुचवा. त्याच्या दोऱ्या धाकट्याच्या हाती लागू देऊ नका, बाकी त्याच्यासारखं परीक्षणाला दुसरं खेळणं नाही. पहिल्या फेकीत तो दगडासारखा येतो. छत्री नीट घडी घालून, दोऱ्या सैलसर गुंडाळून, सरळ वर फेकला तर तिसऱ्या-चौथ्या फेकीत छत्री उघडते आणि तो असा सावकाश उतरतो की दोन्ही मुलं हात पसरून खाली धावतात. पाचव्या फेकीत दोऱ्यांचा गुंता होतो. हे ठरलेलंच आहे, मी आजवर एकही न गुंतलेला पाहिलेला नाही. तो गुंता एकट्याने सुटत नाही. एकीने सैनिक धरायचा, दुसरीने छत्रीच्या कडेपासून एकेक दोरी सोडवत यायचं. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

उड्डाणं किती झाली, गुंते किती झाले, हे मुलांना मोजायला लावा आणि आकडे जसेच्या तसे छापा. अंक निघाला की एक प्रत मला पाठवा. आणि हो, पेपर क्लिप लावल्यावर विमान किती लांब गेलं तेही कळवा.

तुमची,
ताई